दुसऱ्या खेळाडूचा चेंडू

मशीन आलं ती भर दुपारची वेळ होती, आणि दोघी बहिणींचं चहाच्या कपावरून भांडण चाललं होतं. भांडण कपाचं नव्हतंच, हे दोघींनाही ठाऊक होतं. धाकटीला लांबच्या एका शहरात, संग्रहालयात नोकरी लागली होती. जुन्या काचचित्रांची डागडुजी करायची, राहायला खोली, वर सुट्ट्या. महिनाअखेरीला ती जाणार होती. थोरलीनं त्यावर "जा" म्हटलं नव्हतं आणि "जाऊ नको" असंही म्हटलं नव्हतं. ती फक्त कप आपटत होती.

दोघींचं दुकान होतं जुन्या खेळयंत्रांच्या दुरुस्तीचं. वडिलांनी चालवलेलं, आता या दोघी चालवत होत्या. पिनबॉलची टेबलं त्यात जास्त. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: एक कलती फळी, तिच्यावर काच, फळीच्या तळाशी दोन छोटे पंख आणि ते हलवायला पेटीच्या दोन बाजूंना दोन बटणं. पोलादी चेंडू वरून गडगडत येतो, त्याला पंखांनी टोलवत राहायचं आणि खालच्या भोकात जाऊ द्यायचं नाही. बस, एवढंच. एवढ्यासाठी माणसं संसार विसरलेली आहेत.

थोरलीकडे मशीनच्या पोटातलं काम, म्हणजे तारा, कॉइली, स्प्रिंगा. धाकटीकडे तोंडावरचं: फळीचे रंग आणि समोरच्या उभ्या काचेवरचं चित्र. हे चित्र काचेच्या मागून उलटं रंगवावं लागतं. आधी डोळ्यातली बाहुली, मग डोळा, सगळ्यात शेवटी चेहरा. धाकटीचा हात त्यात असा काही बसलेला की जुना रंग कुठे संपला आणि तिचा कुठे सुरू झाला हे थोरलीलाही सांगता यायचं नाही. थोरलीला याचा अभिमान होता, आणि तो तिनं धाकटीला कधी म्हणून कळू दिला नव्हता.

तर हमालांनी मशीन टेंपोतून उतरवलं, आणि मागोमाग एक म्हातारी बाई आत आली. कडक इस्त्रीचे कपडे, ताठ मान, गालात पेपरमिंटची गोळी. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"तुम्ही दोघी सख्ख्या बहिणी?"

"हो," धाकटी म्हणाली.

"लग्नं?"

"मशीनला काय झालंय ते सांगा," थोरली म्हणाली.

बाई हसली. "त्याला काही झालेलं नाही. बंद आहे, इतकंच. रबरं बदला, रंग करा, काय हवं ते करा. फक्त आकडे हलवायचे नाहीत."

हे सांगणं वेडगळ वाटेल, पण थोरलीला ते लगेच समजलं. या जुन्या जातीच्या मशीनमध्ये कॉम्प्युटर-बिम्प्युटर काही नसतं. सगळं चालतं ते दातेरी चाकांवर आणि चुंबकांवर. त्यामुळे त्यांची एक खोड असते. वीज काढून घेतली तरी ती डाव विसरत नाहीत. गुणांची चक्रं जिथे थांबली तिथेच राहतात. पाळी कुणाची, चेंडू कितवा, हेही पोटात तसंच राहतं, वर्षानुवर्षं. दुरुस्तीला आलेल्या मशीनवर कुणा अनोळखी माणसांचा अर्धा डाव सापडणं ही नेहमीची गोष्ट होती. वडील पहिलं काम काय करायचे, तर चक्रं शून्यावर आणायचे.

थोरलीनं वाकून पाहिलं. दोन खेळाडूंचं मशीन होतं. पहिल्याचे गुण दुसऱ्याहून थोडेसेच जास्त. पहिल्याचे सगळे चेंडू संपलेले आणि दुसऱ्याचा शेवटचा एक राहिलेला.

"तो राहिलेला चेंडू कोण खेळणार?"

"तुम्ही चालू करा, आणि तुम्हीच खेळून टाका," बाई म्हणाली. "दोघींपैकी कुणीही. माझ्याच्यानं आता होत नाही. झालं की कळवा." दारापर्यंत गेली आणि वळली. "तुम्हाला कसला वास येतोय का?"

"नाही. कसला?"

"काही नाही," म्हणत तिनं आणखी एक पेपरमिंट तोंडात टाकली.

ती गेल्यावर धाकटीनं तिचं नाव ठेवलं पेपरमिंटबाई. दोघी हसल्या, आणि कपाचं भांडण तेवढ्यापुरतं मिटलं.

काम सुरू झालं. धाकटी काचेमागे बसली. चित्र होतं एका जलतरण तलावाचं, छत्र्या, टॉवेल, उडी मारणारी माणसं, आणि पाण्याचा निळा रंग खपल्या-खपल्यांनी गळून गेलेला. थोरलीनं फळी उचलून टेकू दिला आणि आत डोकं घातलं. काळे पडलेले कॉन्टॅक्ट कानशीनं घासायचे, त्यांच्यातली फट बोटाच्या अंदाजानं जुळवायची, जळक्या कॉइली काढायच्या. हे काम तिला आवडायचं. आत डोकं घातलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही, विशेषतः कुणाच्या जाण्याबद्दलचं.

पेटीच्या बाजू पुसताना तिच्या हाताला एक गोष्ट लागली. डावं बटण गार होतं. उजवं कोमट होतं.

ट्रान्सफॉर्मर तापला असेल, असं तिच्या मनात आलं. मग तिचं लक्ष वायरीकडे गेलं. वायर गुंडाळून, सुतळीनं बांधून, मशीनच्या डोक्यावर ठेवलेली होती.

"इकडे ये गं जरा. हे बघ हात लावून."

धाकटीनं हात लावला आणि लगेच काढून कपड्यांना पुसला. "ऊन आलं असेल." दुकानात त्या बाजूला ऊन कधीच येत नव्हतं, पण कामाच्या घाईत माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवून देतो. थोरलीनंही पटवून घेतलं. त्याच सुमारास तिला वासही यायला लागला. करपलेल्या दुधाचा. तिनं मागे स्वयंपाकघरात जाऊन शेगडी पाहिली. शेगडी बंद होती.

पुढच्या आठवड्यात पेपरमिंटबाई काम बघायला आली. स्टुलावर बसली आणि कुणी न विचारता बोलायला लागली. तिच्या बोलण्यात खंत नव्हती, शरम नव्हती. भाजी कशी स्वस्तात पटवली ते सांगावं, तसं सांगत होती.

"हे आमच्या घरच्या करमणूक हॉलमधलं. वडील गेले, हॉल बंद पडला, हे एक राहिलं. आई अंथरुणाला खिळलेली, आणि तिची जीभ... ती काही खिळलेली नव्हती. आम्ही दोघीच बहिणी. एकीनं तिच्याजवळ राहायचं आणि एकीनं सुटायचं. कोण, ते ठरेना. मग ठरवलं, यावर खेळू. जी हरेल ती राहील."

"आणि तुम्ही जिंकलात," धाकटी म्हणाली.

"मी पुढे होते. पण ती माझ्याहून चांगली खेळायची. तिचा शेवटचा चेंडू राहिला होता, आणि तो खेळायच्या आधी तिला आईसाठी तापत ठेवलेल्या दुधाची आठवण झाली. शेगडीवर दूध होतं. बघून येते म्हणाली. तेवढ्यात मी भिंतीतून प्लग काढला, पिन वाकवून टाकल्या, आणि स्टेशनवर गेले."

धाकटीचा ब्रश काचेवरच थांबला.

"हरले कुठे मी? डाव पुरा झाला तर हार," बाई म्हणाली. "नंतर शेजाऱ्यांनी कळवलं. ती मशीनपाशी उभी असायची म्हणे. बटणांवर हात ठेवून. कुणी बोलावलं तर म्हणायची, माझा चेंडू राहिलाय. दूध करपायचं, आई ओरडायची, ती आपली उभी. आई गेली तरी उभी. शेवटी तशीच गेली, उभ्या उभ्या. शब्दाची फार पक्की होती हो ती. मग मशीन माझ्या वाट्याला आलं. दुसरं कोण होतं घ्यायला?"

"आणि उजवं बटण..." थोरली बोलता बोलता थांबली.

"ती उजव्या हाताची होती," बाई म्हणाली आणि उठली.

ती गेल्यावर धाकटी म्हणाली, "ताई, हे परत पाठवून दे. मला नको हे मशीन." थोरलीनं तिला वेड्यात काढलं. एवढं काम झालं होतं, आणि म्हाताऱ्या माणसाच्या गोष्टीवर मशीन परत पाठवणारा मेकॅनिक तिच्या घराण्यात अजून जन्मला नव्हता. खरं सांगायचं तर गोष्ट तिला भयंकर वाटली होती. पण त्यातलं एक वाक्य तिच्या मनात घर करून बसलं होतं: जी हरेल ती राहील.

थोरली वाईट बाई नव्हती. असती तर सगळं सोपं झालं असतं. आई लवकर गेली तेव्हापासून धाकटीच्या वेण्या तिनं घातल्या, तिच्या तापात रात्रंदिवस बसली, आपल्याला सांगून आलेली स्थळं हिच्यापायी परतवली. आता धाकटी जाणार म्हणजे घरात एकच कप विसळायचा. या एका कपाची तिला इतकी भीती वाटायची की त्या भीतीपोटी ती बारीकसारीक दुष्टपणा करत राहिली होती. संग्रहालयातून आलेला निरोप चार दिवस सांगितला नाही. धाकटीचे चांगले बूट माळ्यावर टाकून "दिसले नाहीत" म्हणाली. धाकटीला कळत होतं. ती काही बोलायची नाही, आणि न बोलण्यानं थोरली आणखी चिडायची.

मशीन पुरं होत आलं आणि संग्रहालयातून पुन्हा फोन आला. या वेळी नेमका धाकटीनंच उचलला. माणसं कमी पडत होती, सोमवारीच हजर व्हाल का? धाकटीनं "हो" म्हणून टाकलं. फोन ठेवला, टाळ्या वाजवल्या, आणि संध्याकाळपर्यंत तिची बॅग भरून दाराशी आली. निळी बॅग, पट्टा तुटलेला, तो तिनं सुतळीनं बांधला. रविवारी सकाळची गाडी होती.

शनिवारी दुपारी थोरली मशीनचं शेवटचं काम करत होती. ओळंब्याचं.

गवंड्याकडे असतो तसाच ओळंबा पिनबॉलच्या पेटीतही असतो, छोटा. एका पितळी कड्याच्या मधोमध तो टांगलेला असतो. खेळणाऱ्यानं चेंडू वळवायला मशीन फार हलवलं तर ओळंबा कड्याला लागतो, "टिल्ट"चा दिवा पेटतो, पंख मरतात आणि चेंडू गेला. ओळंबा खाली ठेवला तर मशीन धक्के सोसतं. वर, कड्याच्या तोंडाशी सरकवला तर शिंकेलाही टिल्ट होतं. हा ओळंबा कुठे ठेवायचा हे मेकॅनिकच्या हातात असतं, आणि बाहेरून कुणाला दिसत नाही.

थोरलीनं तो वर सरकवला. हात थरथरला नाही. नंतर पुष्कळदा तिनं आठवून पाहिलं, जरासा तरी थरथरला होता का, तर नाही.

"चल," तिनं हाक मारली. "चाचणीचा डाव राहिलाय."

हा वडिलांचा नियम होता. दुरुस्त झालेलं मशीन गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी घरच्यांनी खेळून बघायचं, आणि तेही पैज लावूनच. वडील म्हणायचे, पैज नसली की माणूस ढिला खेळतो, आणि ढिल्या खेळात मशीनचा दोष दिसत नाही. लहानपणापासून त्यांनी असंच केलं होतं. हरणारीनं झाडू मारायचा, हरणारीनं भांडी घासायची, हरणारीनं खिडकीकडच्या गार बाजूला झोपायचं. हरलेली पैज मोडायची नाही. दोघींनी ती कधी मोडलीही नव्हती.

"एका चेंडूची कसली पैज?" धाकटी हात पुसत आली.

"पहिल्याचे गुण माझे समज. तू दुसरी. जिंकलीस तर उद्या जा. मी स्टेशनवर येईन, डबा करून देईन, रडणार नाही."

"आणि हरले तर?"

"हरलीस तर राहा."

धाकटी हसली. मग थोरलीकडे बघून तिचं हसू थोडं कमी झालं. "खरंच रडणार नाहीस?"

"खरंच."

"मग लागली पैज," धाकटी म्हणाली. ती नेहमीच चांगली खेळायची.

दिवे नीट दिसावेत म्हणून थोरलीनं दुकानाचं शटर अर्धं ओढलं. प्लग लावला. मशीन गुरगुरलं, आतली चाकं फिरली, आणि काचेमागचा तलाव निळा उजळला. दोन दिवे पेटले: दुसरा खेळाडू, शेवटचा चेंडू. चेंडू आपोआप, त्याला वर उडवणाऱ्या स्प्रिंगच्या दांडीपाशी येऊन थांबला. बराच वेळ कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा.

धाकटीनं बटणांवर हात ठेवले. "ताई... उजवं गरम आहे. चांगलंच."

"खेळ."

तिनं दांडी ओढून सोडली. ती कशी खेळायची ते बघण्यासारखं होतं. मशीनला धक्का म्हणून द्यायची नाही, नुसती बोटांची टोकं. चेंडू फळीवरच्या रबरी बंपरांवर आदळून उडत होता, घंटा वाजत होत्या, आकडे फिरत होते. ओळंबा कड्याच्या तोंडाशी टांगलेला असूनही तिच्या खेळात त्याला हलायचं कारण मिळेना. थोरली बाजूला उभी राहून बघत होती. तिचा दुष्टपणा फुकट चालला होता. गुणांचा फरक कमी कमी होत गेला. आणखी दोन-तीन टोले, की धाकटी जिंकणार होती. आणि धाकटीच्या चेहऱ्यावर ते दिसायला लागलं होतं. आनंद. कुठे तरी निघालेल्या माणसाचा आनंद.

थोरलीनं पायाचा अंगठा मशीनच्या पायाला लावला. नुसता लावला.

टिल्ट.

घंटा थांबल्या, पंख मेले, चेंडू मधून घरंगळत गेला आणि भोकात पडला. करपलेल्या दुधाचा वास एकदम इतका दाट आला की थोरलीचा घसा जळजळला.

धाकटीनं मान वळवली नाही. तिनं फक्त एकदा खाली पाहिलं, मशीनच्या पायाकडे, आणि पुन्हा वर.

"ताई, तू..."

"मी काय?"

धाकटीनं पुन्हा बटणांवर बोटं ठेवली. आता "डाव संपला"चा दिवा लागायला हवा होता. तो लागला नाही. आतली चाकं कुरकुरत फिरली, आणि चेंडू पुन्हा दांडीपाशी येऊन थांबला. दुसरा खेळाडू, शेवटचा चेंडू.

"कॉन्टॅक्ट चिकटलाय कुठला तरी," थोरली म्हणाली. "हो बाजूला, बघते."

"थांब," धाकटी म्हणाली. "माझा चेंडू राहिलाय."

ती खेळली. जिंकायला दोन टोले उरले आणि टिल्ट झालं. थोरली या वेळी लांब, भिंतीपाशी उभी होती. चेंडू पुन्हा वर आला. धाकटी पुन्हा खेळली. पुन्हा टिल्ट. थोरलीनं आधी थट्टा केली, मग रागावली, मग दिवेलागणीला तिच्या दंडाला धरून ओढलं.

"पुरे झालं! जेवायला चल."

"माझा चेंडू राहिलाय." आवाज धाकटीचाच होता. पण झोपेत बोलणाऱ्या माणसाचा असतो तसा.

थोरलीनं धावत जाऊन प्लग उपटला. तिचा श्वास सोडला तर दुकानात आवाज उरला नाही... आणि काचेमागचा तलाव तसाच निळा राहिला. दांडीपाशी चेंडू, आणि तिची बहीण दांडी ओढत होती.

मग थोरली किंचाळली. पेटीचं दार उघडून तिनं ओळंबा स्क्रूसकट काढला आणि मुठीत धरून उभी राहिली. पोटात आता नुसतं कडं होतं, कड्यात काही नव्हतं. धाकटीच्या जिंकण्याला दोन टोले उरले आणि रिकाम्या कड्यावर टिल्ट झालं.

तिनं धाकटीची बोटं एकेक करून सोडवली. सुटली. धाकटी विरोध करत नव्हती. तिला आत नेऊन निजवलं तर ती निजली, डोळे उघडे ठेवून, आणि पांघरुणाच्या दोन्ही कडांवर तिची बोटं दाबत राहिली, दाबत राहिली. सकाळी थोरलीचा डोळा लागला तेवढ्यात अंथरूण रिकामं झालं.

थोरली धावत बाहेर आली तेव्हा पहिल्यांदा तिला दिसलं ते दार. कडी आतून काढलेली होती. दाराशी ठेवलेली निळी बॅग नव्हती. माळ्यावर टाकलेले चांगले बूट, ज्यांची जागा फक्त थोरलीला माहीत होती, तेही नव्हते. गेली! गाडी गाठली हिनं! थोरलीला इतका आनंद झाला की ती उंबऱ्यावरच बसली. गेली, सुटली, जाऊ दे, एकच कप विसळीन मी जन्मभर. हे तिनं मोठ्यानं म्हटलं. रडतही होती, पैज मोडून.

मग दुकानातून घंटा ऐकू आली.

धाकटी मशीनपाशी उभी होती. अनवाणी.

"मी पाय लावला होता," थोरली तिच्या पायांशी बसून म्हणाली. "काल मी पाय लावला. ओळंबाही मीच वर केला. तू जिंकलेली आहेस, ऐकतेस ना? पैज रद्द. जा तू. आत्ता जा."

"माहितेय मला," धाकटी म्हणाली. "तेव्हाच कळलं होतं."

"मग जा ना गं!"

"ताई, गप्प बस ना जरा." तिचं लक्ष चेंडूवर होतं. "हरलेली पैज मोडायची नसते. तूच शिकवलंस. आणि माझा चेंडू राहिलाय."

थोरलीनं दोन्ही बटणांना हात लावून पाहिला. डावं गार होतं. उजवंही गार होतं. धाकटीची बोटं त्याहून गार होती.

तिनं पेपरमिंटबाईला फोन लावला. मशीन घेऊन जा म्हणून ओरडली, शिव्याही दिल्या. बाईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"उजवं बटण गार पडलं?" तिनं विचारलं.

"हो."

पलीकडून एक लांब श्वास ऐकू आला. "म्हणजे सुटली ती. कुणीतरी तिच्या जागी उभं राहायला हवं होतं, तेही पैज हरून. दोन बहिणींचं दुकान शोधायला मला किती वर्षं लागली, तुम्हाला कल्पना नाही. मशीन राहू दे तुमच्याकडेच. माझा डाव संपला, तुमचा चालू आहे." फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "पेपरमिंट आणून ठेवा. वासावर बरी पडते."

डॉक्टर येऊन गेला. थकवा आहे म्हणाला, गोळ्या दिल्या. टिल्ट झालीय, हे त्याला कसं सांगणार? थोरलीनं धाकटीला उभ्या उभ्या चमच्यानं भात भरवला, तिचे केस विंचरले, वेणी घातली. लहानपणी घालायची तशीच. धाकटी तोंड उघडायची, गिळायची, खेळायची. ती घरातच होती. कुठेही जाणार नव्हती. थोरलीला हवं होतं ते सगळं, अगदी तंतोतंत, तिला मिळालं होतं.

सोमवारी दुपारी फोन वाजला. संग्रहालयातून होता. थोरली खोटं काय सांगायचं याची जुळवाजुळव करतच होती, तेवढ्यात पलीकडचा माणूस खुशीत म्हणाला,

"तुमच्या बहीणबाई पोहोचल्या बरं का, वेळेवर. घरी कळवा म्हणाल्या. काम तर काय, बघत राहावं. फक्त... एक विचारू का? त्यांच्या पायाला वगैरे काही आहे का? सकाळपासून उभ्याच आहेत. खुर्ची दिली तरी बसत नाहीत. आणि काचेला हात लावला की काच धूसर होते, इतका गरम त्यांचा उजवा हात."

थोरलीनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"घ्या, त्याच आल्या. बोला."

रिसीव्हर हातातून हातात गेल्याचा आवाज आला. मग एक आवाज. धाकटीचा, तोच, त्यात तोच जरासा घोगरेपणा.

"ताई? मी पोहोचले गं."

थोरलीनं दुकानाकडे पाहिलं. अर्ध्या ओढलेल्या शटरच्या अंधारात, निळ्या उजेडापुढे, तिनं घातलेली वेणी पाठीवर घेऊन तिची बहीण उभी होती. खेळता खेळता मान न वळवता तिनं विचारलं,

"कोणाचा फोन आहे, ताई?"

थोरलीनं रिसीव्हरवर हात दाबला. एकीला सांगितलं तर दुसरी... तिला पुढचा विचार करवेना.

"कोणी नाही," ती म्हणाली. "चुकीचा नंबर. तू खेळ."

धाकटीनं दांडी ओढली. थोरलीनं रिसीव्हर पुन्हा कानाला लावला. पलीकडची अजून होतीच. तिचा श्वास ऐकू येत होता, आणि तो उबदार वाटत होता, कानाला अगदी लागून असावा तसा.

"ताई," ती हळूच म्हणाली, "दूध बघ. उतू जातंय."

थोरलीनं त्या दिवशी दूध तापायला ठेवलंच नव्हतं. आणि तरी मागे, स्वयंपाकघरात, शेगडीवर काहीतरी चुरचुरत होतं.